दहाव्या दिवसाचं भाषांतर

शंकरप्पा गुरुजींनी आयुष्यात घर एकदाही बदललं नाही, पण जिल्हे तीन पाहिले. ते जन्मले तेव्हा झरेवाडी बिदर जिल्ह्यात होती. ते दुसरीत असताना ती उस्मानाबाद जिल्ह्यात गेली. मास्तरकीत मुरले, दोन लेकरांचे बाप झाले, तेव्हा लातूर जिल्हा झाला. आणि आता सदुसष्टाव्या वर्षी उदगीरचा नवा जिल्हा होणार, असं दर आठवड्याला कुणीतरी पेपर नाचवत सांगत होतं. गुरुजी पारावर म्हणायचे, "बिदरात जन्मलो, उदगिरात मरीन म्हणतो. लई प्रवास झाला की माणसाचा." गावाच्या पूर्वेला एक नाला होता. तो ओलांडला की नांदेड जिल्हा, मुखेड तालुका. त्या नाल्यात तीन वर्षांत पाणी आलं नव्हतं. त्यामुळं जिल्हा ओलांडताना कुणाचे पायसुद्धा ओले होत नसत.

गुरुजींनी छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. कर्मणी प्रयोग त्यांच्याइतका नीट पंचक्रोशीत कुणी समजावून दिला नाही, हे त्यांचे विद्यार्थीही मान्य करत. अडचण एवढीच होती की ज्याच्याशी इंग्रजीत बोलावंच लागेल, असा माणूस त्यांना छत्तीस वर्षांत एकही भेटला नव्हता. पोहायला शिकवणाऱ्यानं नदी पाहिलेली नसावी, तसली गत. पण ही गोष्ट गावाला ठाऊक नव्हती आणि गुरुजींनीही ती कुणाला सांगितली नव्हती.

त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला लातूरच्या एका संस्थेतल्या रुद्राणी मॅडम गावात आल्या. हॉलंड देशातल्या मॅनेजमेंट कॉलेजची चार मुलं येणार आहेत, म्हणाल्या. ती दहा दिवस राहतील, गावातल्या महिला गटाचा धंदा समजून घेतील आणि तो कसा वाढवायचा याचा अहवाल लिहितील. हा त्यांच्या अभ्यासाचाच भाग, त्याला मार्क असतात. पण गटाच्या दृष्टीनं महत्त्वाचं पुढचं होतं. संस्थेकडं एका मशीनपुरते पैसे होते, आणि कोणती मशीन द्यायची ते या अहवालावरून ठरणार होतं.

गट गुणाबाईचा. नऊ बाया शेवया, पापड, कुरडया करायच्या आणि मुखेडच्या आठवडी बाजारात, उदगीरच्या दुकानांत विकायच्या. गुणाबाई गुरुजींचीच विद्यार्थिनी. सातवीला इंग्रजीत नापास होऊन शाळा सुटलेली. शेवयांच्या हातमशीनचं हँडल फिरवून फिरवून तिचा उजवा खांदा गेला होता. केस विंचरायलासुद्धा तो हात वर जात नसे. तिला विजेवरची शेवयांची मशीन हवी होती. दुष्काळात नऊ घरं गावात टिकायची तर तीच एक वाट होती, कारण रमजान आणि लग्नसराईला शेवयांची मागणी तुटत नाही. मशीन आली नाही तर दसऱ्यानंतर पाच जणी तरी ऊसतोडीला जाणार, हे ठरल्यासारखं होतं.

रुद्राणी मॅडमकडं अशी तीन गावं होती. त्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशीच येणार होत्या. मधल्या दिवसांत मुलांचं बोलणं बायांना आणि बायांचं मुलांना कोण सांगणार, असं त्यांनी विचारलं. सरपंच ग्यानोबांनी क्षणाचाही विचार न करता गुरुजींकडं बोट केलं. गुरुजींनी थोडे आढेवेढे घेतले. पुरेसे घेतले नाहीत, असं त्यांना पुढं वाटलं.

मुलं यायच्या आदल्या दिवशी समाजमंदिरात बैठक झाली. विषय एकच होता, पाणी. गावात आठ दिवसांनी टँकर यायचा आणि माणशी चार घागरी मिळायच्या. विहिरीच्या तळाशी चिखल वाळून भेगा पडल्या होत्या. मलप्पाच्या शेतातलं बोअर तेवढं पहाटे अर्धा तास चालायचं, पण ते दोन किलोमीटरवर. पाहुणे उतरणार गुरुजींच्या घरी, आणि गोऱ्या माणसाला रोज आंघोळ लागते, असं सरपंचांनी कुठंतरी ऐकलं होतं.

गुणाबाई म्हणाली, गटाच्या बाया पाळीपाळीनं रोज आठ घागरी आणतील आणि पाहुणे उठायच्या आत गुरुजींच्या मोरीतलं पिंप भरून ठेवतील. तिनं एक अटही घातली. "पाव्हण्याला पाण्याचं रडगाणं सांगायचं न्हाई. इतक्या लांबून आलेली लेकरं. घोट घेताना त्यांचा हात आखडला तर आपली काय इज्जत राहिली?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरुजींनी तर जास्तच डोलावली. गावाची अब्रू आपल्या इंग्रजीत सुरक्षित आहे, असं ते म्हणाले. धंद्याचा सल्ला द्यायला येणाऱ्यांपासून धंद्याची मुख्य अडचणच लपवायची आपण ठरवतो आहोत, हे त्या बैठकीतल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. त्या शहाण्यांत गावचा सगळ्यात शिकलेला माणूस बसला होता आणि त्याच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे होते.

मुलं आली. दोन मुली, दोन मुलगे. त्यांची म्होरकी मारिट नावाची मुलगी, बारीक, हसरी, हातात कायम वही. योरिस नावाचा मुलगा एवढा उंच की गुरुजींच्या दारात त्याचं डोकं रोज दोनदा आपटायचं, आणि दोन्ही वेळा तो चौकटीची माफी मागायचा. गुरुजींनी शंभर पानी वहीत वाक्यं लिहून पाठ केली होती. पाहुणे ओसरीवर बसले, गुरुजींच्या बायकोनं, नीलम्मानं, सरबत दिलं, आणि गुरुजी स्वतःच्याच घराच्या उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "मे आय कम इन?"

मारिट उठून उभी राहिली आणि म्हणाली, या ना.

पुढंही तसंच चाललं. मुलांचं बोलणं भरभर, शब्द एकात एक गेलेले. गुरुजींना निम्मं कळायचं, निम्म्याला ते "येस, येस" म्हणायचे. आता, हे "येस" काय असतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. छत्तीस वर्षांत त्यांनी मुलांच्या तोंडून "हाव गुरुजी" लाखभर वेळा ऐकलं असेल. "समजलं का?" असं विचारलं की वर्गातून येणारा हाव तीन तऱ्हांचा असतो. खरंच समजलेल्याचा हाव तोंडातून लगेच येतो. पुढचा प्रश्न टाळू पाहणाऱ्याचा हाव खाली बघून येतो. आणि गुरुजींना वाईट वाटू नये म्हणून म्हटलेला हाव सगळ्यात गोड असतो. शंकरप्पा गुरुजी फळ्याकडं तोंड करूनसुद्धा तिन्ही ओळखायचे. म्हणून तर त्यांचा वर्गात नियम होता, की समजलं नाही तर नुसता हात वर करायचा, कुणी हसणार नाही. आणि आता तेच गुरुजी मारिटला दिवसातून पन्नास वेळा गोड "येस" देत होते. त्यांचा हात काही वर जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलांनी वही उघडून पहिलाच प्रश्न विचारला. या भागात दुष्काळ आहे असं वाचलं होतं, तर कामाला पाणी कमी पडतं का? गुरुजींनी प्रश्न मराठीत सांगितला. वर्गातल्या मुलीनं मास्तरला आठवण करून द्यावी, तसं गुणाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. मग ती बरंच बोलली. गेल्या वर्षी कुरडयांचे गहू भिजवायला पाणी नव्हतं, म्हणून हंगाम बुडाला. यंदा पाहुण्यांना चव दाखवायला एकच पायली केल्या, त्यालाही मुखेडकडच्या भावकीतून पाणी आणलं. शेवटी म्हणाली, "पर हे नका सांगू त्यांना. देवाच्या दयेनं सगळं हाय म्हणा."

गुरुजी म्हणाले, "नो प्रॉब्लेम."

चारही वह्यांत ते लिहिलं गेलं. मग मारिटनं आपल्या देशाची गोष्ट सांगितली. त्यांचा निम्मा देश समुद्राच्या पातळीखाली आहे, पाणी आत येऊ नये म्हणून बांध घालावे लागतात, आणि आत आलेलं पाणी दिवसरात्र पंपानं उपसून बाहेर फेकावं लागतं. गुरुजींना हे अक्षर न् अक्षर कळलं. त्यांनी ते जसंच्या तसं बायांना सांगितलं. बाया एकमेकींकडं बघू लागल्या. गटातली धुरपताबाई हळूच म्हणाली, "गुरुजी, परत एकदा नीट ऐका त्यांचं. कायतरी चुकून राहिलं तुमचं." दहा दिवसांतलं त्यांचं ते पहिलं बिनचूक भाषांतर. त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही.

कुरडया मात्र फार आवडल्या. गुणाबाईनं तेलात टाकली की फुलून पांढरी होणारी कुरडई पाहून योरिसनं टाळ्या वाजवल्या आणि एकट्यानं अकरा खाल्ल्या. अशा किती करता येतील, असं मुलांनी विचारलं. गुणाबाई म्हणाली, तुम्ही म्हणाल तेवढ्या. पाहुण्याला दुसरं काय म्हणणार? गुरुजींनी तेही भाषांतर केलं.

मग मुखेडच्या बाजारात पाहणी झाली. अशा कुरडया वर्षभर मिळाल्या तर घ्याल का, असं मुलांनी साठ माणसांना विचारलं आणि साठही जण हाव म्हणाले. किराणा दुकानदार गुरुबसप्पांनी तर मुलांना खुर्च्या दिल्या, उसाचा रस मागवला आणि गुरुजींना सांगितलं, "हाव म्हणा मास्तर. उन्हातान्हात फिरून राहिलेली लेकरं, त्यांना न्हाई कोण म्हणंल? आमच्या घरी बायको कुरडया करती, आमी कामून इकत घ्यावं?"

"ही सेज येस," गुरुजी म्हणाले.

तो हाव तिसऱ्या तऱ्हेचा आहे, हे त्यांना ऐकता क्षणी कळलं होतं. पण हावला इंग्रजीत येस म्हणतात, हे त्यांनीच गावाला शिकवलेलं. शिवाय रस गार होता.

घरी नीलम्माला संशय येऊ लागला होता. तिला इंग्रजीतलं अक्षर कळत नव्हतं, पण ती स्वयंपाकघराच्या दारात बसून ऐकायची. आठव्या दिवशी ती म्हणाली, "अवो, गुणाबाई एवढी घटकाभर बोलती आन् तुमी दोन शब्दांत आटपता. तिचं बाकीचं बोलणं जातंय कुठं?"

इंग्रजी ही आटोपशीर भाषा आहे, असं गुरुजींनी सांगितलं.

नवव्या दिवशी दुपारी मारिटनं त्यांना लॅपटॉपवर सगळं काम दाखवलं. उद्या रुद्राणी मॅडम आणि गाव यांच्यासमोर हे मांडायचं होतं. पहिल्याच पानावर झरेवाडीचा फोटो आणि वर मथळा, दुष्काळावर मात केलेलं गाव. आजूबाजूला एवढी टंचाई असताना या गावाला पाणी पुरतं, याचा अर्थ इथल्या लोकांनी पाण्याचं नियोजन उत्तम केलं आहे, असं मुलांचं अनुमान होतं. योरिसनं तर पुरावाही दिला होता. आपण दिवसातून दोनदा आंघोळ केली, तरी दुसऱ्या सकाळी पिंप काठोकाठ भरलेलं असे. पुढं सल्ला होता. शेवया आणि पापड बंद करावेत, सगळा जोर कुरडयांवर द्यावा. शेवयांची मशीन नको. त्याऐवजी गहू भिजवायला सिमेंटच्या तीन टाक्या आणि कुरडया पाडायचं मोठं यंत्र घ्यावं. लागणारं पाणी, रोज दोन हजार लिटर.

गुरुजींनी तो आकडा पुन्हा वाचला. आकडे इंग्रजीत असले तरी त्यांना नीट कळत.

शेवटच्या पानावर आभार होते. त्यात त्यांचं नाव पहिलं होतं. अचूक भाषांतराबद्दल, असं लिहिलं होतं. मारिटनं त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून विचारलं, ठीक आहे ना? आणि शंकरप्पा गुरुजी म्हणाले, "येस. व्हेरी गुड."

इतका गोड येस त्यांनी जन्मात म्हटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या वेळी ते मलप्पाच्या बोअरवर गेले. गटाच्या चार बाया तिथं होत्या. गुणाबाई डाव्या खांद्यावर घागर चढवत होती, कारण उजवा चालत नव्हता. आज आठव्यांदा तिचाच नंबर होता. इतर बायांच्या पाळ्याही ती घेत होती, हे गुरुजींना तिथं कळलं. त्यांनी तिला टाक्यांचं सगळं सांगितलं. ती घागर घेऊन थांबली. मग चालू लागली. गुरुजी तिच्या मागं मागं.

तूच आज त्यांना खरं सांग, असं त्यांनी विनवलं. ती म्हणाली, "म्या सांगितलं तर दहा दिवस आमी त्यांच्या म्होरं खोटं वागलो असं हुतंय. उद्या जाणारी लेकरं, त्यांना लाजवून धाडू का?"

"मशीन जाईल की गं."

"गेली तर गेली." थोडं अंतर चालल्यावर ती म्हणाली, "तुमीच म्हणायचे न्हवं वर्गात, समजलं न्हाई तर हात वर करा. म्या कवा केला न्हाई. तुमाला वाईट वाटंल म्हणून हाव म्हणत बसले आन् नापास झाले."

गुरुजींना हे माहीत होतं. तिचा हाव कुठल्या तऱ्हेचा आहे ते त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. पण अभ्यासक्रम संपवायचा होता, म्हणून पुढं शिकवत गेले होते.

दहा वाजता शाळेच्या खोलीत सगळे जमले. रुद्राणी मॅडम पहिल्या बाकावर बसल्या होत्या. भिंतीवर पांढरं धोतर ताणून बांधलं होतं, त्यावर झरेवाडीचा फोटो पडला. मारिट बोलायला उभी राहिली. गुरुजी तिच्या शेजारी उभं राहून मराठीत सांगणार होते. पण ते तिकडं गेलेच नाहीत. मागच्या बाकावर, जिथं एकेकाळी गुणाबाई बसायची, तिथं ते बसले आणि त्यांनी हात वर केला.

खोलीत कुजबुज झाली. सरपंचांना वाटलं, गुरुजींना बाहेर जायचं असेल.

"मॅडम," गुरुजी उभे राहून मारिटला इंग्रजीत म्हणाले, "आय ॲम राँग."

मारिटनं तत्परतेनं सांगितलं, की छे छे, तुमचं इंग्रजी छान आहे. गुरुजींनी पुन्हा तेच म्हटलं. योरिसनंही धीर दिला. आपलं इंग्रजी कच्चं आहे असं कबूल करायला हा म्हातारा उभा राहिला आहे, अशी चौघांची समजूत झाली होती आणि त्यांना त्याची दया आली होती. आयुष्यभर ज्या क्षणाला गुरुजी भ्यायले तो क्षण असा आला, आणि आला तर कुणी तो मानायला तयार होईना.

शेवटी त्यांनी पाठ केलेली सगळी वाक्यं सोडून दिली. व्याकरण सोडलं. जे येईल ते बोलले. नऊ दिवस मी खोटं सांगून राहिलो, म्हणाले. विहीर कोरडी आहे. टँकर आठ दिवसांनी येतो. तुमच्या आंघोळीचं पाणी या बायांनी दोन किलोमीटरवरून डोक्यावर आणलं. मुखेडच्या साठ माणसांतल्या चाळीस जणांचा येस हा येस नव्हता. तुम्ही बोलता त्यातलं निम्मं मला कळत नाही. क्रियापदांचे काळ इतके चुकत होते की वर्गात एखाद्या मुलानं असं वाक्य केलं असतं तर गुरुजींनी त्याला शंभर वेळा लिहायला लावलं असतं. पण समजायचं ते चौघांना समजलं. मारिटनं लॅपटॉपचं झाकण हळूच लावलं. भिंतीवरची झरेवाडी विझली.

योरिसची मान, कान, चेहरा, सगळं लाल झालं. तो उठला आणि विहीर कुठं आहे असं विचारू लागला. सगळी वरात विहिरीवर गेली. काठावर टँकरसाठी लावलेल्या घागरींची रांग होती. प्लास्टिकच्या, पितळी, एक कानतुटकी, प्रत्येकीवर खडूनं नंबर. टँकर परवा येणार होता, तरी रांग आजच लागलेली. योरिसनं आत वाकून पाहिलं. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला, म्हणून सरपंचांनी त्याचा शर्ट मागून धरून ठेवला.

गुणाबाई गुरुजींवर भयंकर चिडली होती. ती त्यांच्याकडं बघायलाही तयार नव्हती.

मारिट मात्र विहिरीच्या काठावरच बसली, वहीचं कोरं पान काढलं आणि म्हणाली, पहिल्या प्रश्नापासून पुन्हा. आणि गुरुजींना एक विनंती केली, सगळे शब्द सांगा, थोडेसुद्धा गाळू नका. मला कळलं नाही तर मी हात वर करीन, तुम्हीही करा.

तो दिवस गुरुजींना फार जड गेला. प्रत्येक वाक्य दोनदोनदा विचारावं लागलं. त्यांचा हात वीसेक वेळा वर गेला, मारिटचा तीसेक वेळा. रुद्राणी मॅडम मध्ये एखादा शब्द पुरवत होत्या. दुपार टळली, सावली फिरली तशी माणसं फिरत गेली. शेवटी मारिटनं असा एक प्रश्न विचारला, जो तिच्या नऊ दिवसांच्या वहीत कुठंच नव्हता. तुम्हाला स्वतःला काय हवं आहे?

गुणाबाईचा राग तोवर अर्धा उतरला होता. ती म्हणाली, "शेवयाची मशीन. पीठ मळाया दोन तांबे पाणी लागतंय, बास. दोन तांबे म्या कुठूनबी आणीन. दोन हजार लिटर तर आमच्या लग्नातबी न्हवतं."

गुरुजींनी सगळं सांगितलं, लग्नासकट. मारिटनं सगळं लिहिलं. मग ती आणि तिचे तिघं सोबती डच भाषेत काही वेळ बोलले. त्यांनी रुद्राणी मॅडमला सांगितलं, की आधीचा अहवाल रद्द समजा, आमचा सल्ला शेवयांच्या मशीनचा आहे. मॅडमनी तिथंच आपल्या कागदावर लिहून घेतलं. कॉलेजात किती मार्क पडतील, असं गुरुजींनी काळजीनं विचारलं. मास्तरच ते. योरिस म्हणाला, नऊ दिवस चुकीच्या वाटेनं गेल्याबद्दल कमीच पडतील, पण ते आम्हाला पडायलाच हवेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. चौघांनी ठरवून आंघोळ केली नव्हती. पिंप तसंच भरलेलं होतं, आणि हे पाणी गटाच्या बायांनी घरी न्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. गुणाबाई आली, तिनं पिंप पाहिलं, आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. मग गुरुजींना म्हणाली, "यांना सांगा. बिनआंघोळीचे पाव्हणे मी वाटंला लावणार न्हाई. आन् त्या उंचाड्याला सांगा, त्याच्याजवळ उभं राहवत न्हाई कालपासून."

गुरुजी घुटमळले. मारिटनं त्यांच्याकडं पाहून एक बोट वर केलं. सगळे शब्द.

त्यांनी सगळे शब्द सांगितले. उंचाड्यासाठी त्यांना जरा शोधावं लागलं. योरिस निमूटपणे मोरीत गेला. चौघांनी मिळून दोन बादल्यांत आंघोळी उरकल्या, आणि उरलेलं पाणी गुणाबाईच्या घरी पोचवायला योरिस स्वतः घागर घेऊन निघाला. त्याला ती डोक्यावर ठेवता येईना, खांद्यावर राहीना, शेवटी लेकरासारखी कवटाळून नेली. निम्मी वाटेत सांडली. दाराची चौकट चुकवायला मात्र तो विसरला नाही.

मशीन दसऱ्याच्या आधी आली. त्या वर्षी पाऊसही बरा झाला, आणि उदगीर जिल्हा काही झाला नाही, त्यामुळं गुरुजींचा प्रवास लातूरलाच थांबला. दुपारी त्यांच्या ओसरीवर गावातली मुलं शिकायला येत. ती सांगत, की गुरुजी हल्ली "समजलं का?" असं विचारत नाहीत. "काय समजलं ते सांग," म्हणतात, आणि पोरगं बोलेपर्यंत गप्प बसून राहतात.

डिसेंबरात हॉलंडहून छापील अहवाल आला. गुरुजींनी चष्मा पुसून आधी शेवटचं पान काढलं. नीलम्मा शेजारी येऊन बसली. त्यात तुमचं नाव आहे का, तिनं विचारलं. आहे, म्हणाले. मग काय लिहिलंय ते सांगा, म्हणाली.

गुरुजींनी पान हातानं सपाट केलं. मग त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवत वाचून दाखवलं. "भाषांतर, श्री. शंकरप्पा गुरुजी. फक्त दहावा दिवस."

नीलम्मानं पानाकडं पाहिलं, बोटाकडं पाहिलं, शब्द मोजले.

"हां," ती म्हणाली. "आता बराबर वाटतंय."